चौकोन आणि जांभळे केस

१३ मे, सकाळ
आजपासून लिहून ठेवायचं. सुपरमार्केटच्या जाहिराती मागून कोऱ्या असतात, त्या जमवून दोऱ्यानं शिवल्या. वही फुकटात झाली. पानं लहान, तेव्हा वाक्यंही लहान.

कारण: माणूस अपमान विसरतं. मला विसरायचं नाही.

आज बाटल्या-डब्यांच्या कचऱ्याचा दिवस. नेहमीप्रमाणे पारदर्शक पिशवी कोपऱ्यावर, कावळ्यांनी फाडू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली ठेवून आले. भात लावून दारात येते तो गाडी सगळ्यांचा कचरा घेऊन गेलेली आणि माझी पिशवी रस्त्याच्या मधोमध एकटी. वर पिवळा स्टिकर: ‘वर्गीकरण चुकले आहे.’ स्टिकर पालिकेचा नव्हे. आमच्या गल्ली मंडळाच्या यंदाच्या अध्यक्षा कुरिमोतोबाई, त्यांनी स्वतः छापून घेतलेला. बाई शेजारीच उभ्या, हातात कचरा उचलायचा लांब चिमटा. जांभळे रंगवलेले केस सकाळी सकाळी फुगवलेले.

म्हणाल्या, व्हिनेगरच्या बाटलीवर लेबल राहिलंय. मी म्हटलं, पिशवी माझी कशावरून? त्यांनी चिमट्यानं बाटली फिरवून दाखवली. लेबलावर अर्ध्या किमतीचा लाल स्टिकर होता. संध्याकाळी दुकान बंद होताना अर्ध्या किमतीला कोण जातं हे म्हणे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

काटकसर हा गुन्हा नाही. आणि लेबल मी काढलं होतं. दमट हवेनं परत चिकटलं असेल.

१९ मे
मंडळाची सभा. ऑगस्टमधल्या उत्सवाची तयारी.

कोपऱ्यावरचा आमचा दगडी जिझोसामा गल्लीतल्या पोराबाळांना सांभाळतो. उत्सवाला त्याला आंघोळ घालायची आणि गळ्यात नवं लाल लाळेरं बांधायचं. ते लाळेरं आमच्या घरचं. आधी सासूबाई शिवायच्या, त्या गेल्यापासून मी. दुसरं काही मानाचं माझ्याकडे नाही आणि मला नकोही आहे. एवढं एकच.

कुरिमोतोबाई अगदी साखरेच्या आवाजात म्हणाल्या, “इवामुरोबाईंना यंदा विश्रांती देऊ या. बाटलीवरचं एवढं मोठं लेबल दिसत नाही, तर बिचाऱ्यांना सुईचं नेढं कुठून दिसणार?”

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम चहाचे कप तोंडाशी नेले. आमच्या क्योतोत ते हसण्याहून वाईट.

लाळेरं यंदा कुरिमोतोबाई शिवणार असं ठरलं. माझ्यादेखत ठरलं. मी मान डोलावली, कारण मला संस्कार आहेत.

मग निघालं की हल्ली उत्सवाला मुलं फिरकत नाहीत, रिंगा फेकायच्या खेळाला कोण विचारतं. पडद्यावरचा गेम हवा. आपल्या गल्लीचा, आपणच केलेला. समाजकेंद्रात नवशिक्यांसाठी गेम बनवायचा क्लास निघालाय, फुकट आहे, कोण जाईल?

माझा हात वर होता. कधी गेला कळलं नाही. खाली येईपर्यंत मनात सगळं तयार झालं होतं.

गेममध्ये एक दुष्ट बाई असणार. तिचे केस जांभळे असणार. आणि सगळी गल्ली बघत असणार.

१९ मे, संध्याकाळ
सासूबाईंच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावली. रोज अर्धी मोडून लावते, आज अख्खी. त्यांना सगळं सांगितलं.

सूड हा शब्द मी वापरत नाही. धार्मिक माणसानं वापरू नये. याला जाहीर न्याय म्हणायचं.

ह्यांना सांगितलं. हे बेसबॉल बघत होते. म्हणाले, तुला साधा रिमोट लावता येत नाही. मी म्हटलं, मॅट्रिकला गणितात माझा नंबर वरचा होता. हे म्हणाले, तेव्हा गणितात बटणं नव्हती.

२७ मे
पहिला क्लास. ओगिनो सर. तरुण, दाढी अर्धवट, आधी कुठल्याशा गेम कंपनीत होते. क्लासमध्ये आम्ही मोजकी माणसं, बहुतेक सगळी निवृत्त. माझ्या शेजारी फुनाकोशी डॉक्टर, दातांचे. त्यांना मेलेल्या कुत्र्यावर गेम करायचाय. रिकामटेकडा माणूस.

सर म्हणाले, गेम म्हणजे चित्रं नव्हेत, गेम म्हणजे नियम. खेळणारा काय करू शकतो, काय करू शकत नाही आणि करताना त्याला काय वाटतं. मग एकेकाला विचारलं, तुमचा गेम खेळून माणसाला काय वाटावं? कोणी म्हणालं आनंद. कोणी म्हणालं उत्साह. डॉक्टर म्हणाले सोबत.

मी म्हटलं, पश्चात्ताप.

सरांनी खडू उचलला. मग लिहिलं फळ्यावर. सगळ्यात खाली.

टॅब्लेट केंद्राचा, घरी न्यायची परवानगी आहे. कोड वगैरे लिहावा लागत नाही, रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे: जर असं झालं, तर तसं कर. सोपं आहे. महिन्यात होईल.

३ जून
गोष्ट अशी: एक सज्जन, धर्मभीरू बाई. हातात लाल लाळेरं. ते कोपऱ्यावरच्या देवळीत पोचवायचं. वाटेत जांभळ्या केसांची राक्षसीण चिमट्यानं पिवळे स्टिकर फेकते. स्टिकर लागला की मेली.

राक्षसिणीचं चित्र काढायला घेतलं. टॅब्लेटवर बोटानं. केसांना चार वेगळ्या जांभळ्या छटा दिल्या. एक जमत नव्हती म्हणून भाजीवाल्याकडे जाऊन वांगी बघून आले. घेतली नाहीत.

१० जून
राक्षसीण अजून चालू आहे. ॲप्रनवरची फुलं झाली. बाईंचं सोनेरी दातांचं हसू झालं. चालताना उजवा खांदा जरा खाली जातो, तेही आणलं.

सर म्हणाले, वा, ही तर जिवंत आहे. मग विचारलं, नायिका कुठंय? मी दाखवली. म्हणाले, हा चौकोन आहे. मी म्हटलं, साधी राहणी.

म्हणाले, खेळणाऱ्याला जे आवडतं त्याच्याबरोबर तो जातो, नायिकेला थोडं रूप द्या. देईन, वेळ मिळाला की. आधी राक्षसिणीच्या मोज्यांची किनार राहिली आहे.

१५ जून
आमच्याकडे सकाळी जो तो आपापल्या दारापुढचा रस्ता झाडतो आणि शेजारच्या हद्दीत हातभर जास्त. हातभर म्हणजे आपुलकी. त्याहून कमी म्हणजे रुसवा. त्याहून जास्त म्हणजे ‘तुमचं दार घाण असतं’ असं तोंडावर सांगणं.

आज मी कुरिमोतोबाईंचं अख्खं दार झाडून काढलं. उंबरठ्यापर्यंत. पाणीसुद्धा मारलं.

१५ जून, दुपार
कुरिमोतोबाई काकडीचं लोणचं घेऊन आल्या. म्हणाल्या, या वयात किती वाकता हो, कंबर सांभाळा. आता मला काहीतरी परत द्यावं लागणार. लोणचं बरं होतं. ह्यांनी भात दोनदा घेतला. घरातच फितुरी.

१७ जून
पहिल्यांदा गेम चालला. म्हणजे सुरू झाला. चौकोन पुढे सरकला की लगेच मरतो. वा. असंच असतं आयुष्य.

सरांनी कारण शोधलं. चित्राभोवती न दिसणारी एक चौकट असते, तिला धक्का लागला की टक्कर धरली जाते. राक्षसिणीची चौकट केसांसकट आहे आणि केसांनी अर्धा पडदा व्यापलाय. म्हणाले, नायिका स्टिकरनं मरत नाहीये, केसांना लागून मरतेय.

मी म्हटलं, सभेत मी त्यांच्या शेजारी बसले होते, तसंच होतं.

केस थोडे कमी केले. मन दुखलं, फार मेहनतीचे होते.

२४ जून
मोठी वादावादी. सरांचा नियम: शत्रूनं वार करण्याआधी इशारा द्यायला हवा. हात उचलावा, आवाज करावा, काहीतरी. इशारा नसेल तर खेळणाऱ्याला अन्याय वाटतो आणि तो उठून जातो.

मी म्हटलं, खरी राक्षसीण इशारा देत नाही. गोड बोलते आणि मारते.

डॉक्टर पचकले, प्रत्येक जण इशारा देतो. दात काढताना पेशंट ओरडणार ते त्यांना आधी पेशंटच्या अंगठ्यावरून कळायचं. बघायला मात्र हवं, म्हणाले.

ठीक आहे. बघू. शत्रूचं पाणी जोखणं शास्त्रालाही मान्य आहे.

२९ जून
झाडण्याच्या निमित्तानं पाळत. बाई उठल्या की आधी दारातल्या कुंड्यांना पाणी. मग कोपऱ्यावर जाऊन जाळी नीट करतात. मग जिझोसामापुढचं कालचं पाणी टाकून ताजं ठेवतात. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी ठेवते म्हणून ते ताजं असतं. म्हणजे दोघीही ठेवतो की काय? की माझ्यानंतर माझं ओतून स्वतःचं ठेवतात? हेच असणार.

३ जुलै
इशारा सापडला.

मासेवाल्याला झापण्याआधी, पेपरवाल्याला झापण्याआधी, बाई चिमटा दोनदा वाजवतात. टक टक. मग गोड हसतात. मग मारतात. माझ्या पिशवीच्या दिवशीही वाजवला असणार, मी आत भात लावत होते.

झाडू हातात, टॅब्लेट ॲप्रनखाली, तो आवाज रेकॉर्ड केला. बाईंनी विचारलं, पोटाशी काय धरलंय? म्हटलं, गरम पाण्याची पिशवी. जुलैत. दुपारी त्यांनी पोटदुखीवरचा काढा पाठवला.

पुन्हा परतफेड. हिशेबाच्या वहीत या बाईंसाठी वेगळा रकाना करावा लागला.

८ जुलै
आवाज गेममध्ये घातला. टक टक, हसू, स्टिकर. सर म्हणाले, हे शिकवता येत नाही.

मी माझ्यावर खूश आहे. नम्रपणे.

चौकोन अजून चौकोन आहे.

१२ जुलै
ह्यांना खेळायला बसवलं. सरांचा गृहपाठ: ज्याला काही माहीत नाही अशाला द्या, शेजारी बसा आणि तोंड उघडू नका.

हे म्हणाले, मी कुठला? मी गप्प. हे म्हणाले, हा डबा मी आहे का? मी गप्प. ह्यांनी राक्षसीण बघितली आणि म्हणाले, अरे, ही आपली कुरिमोतोबाई, छान आलीय. चौकोन मेला. पुन्हा मेला. हे म्हणाले, मला हिला काहीच करता येत नाही का? मी अजून गप्प. पहिल्या पडद्यापलीकडे गेलेच नाहीत. टॅब्लेट छातीवर ठेवून झोपले.

गेम अवघड आहे. न्याय अवघडच असतो. पण सर म्हणतात, जिंकता येत नसेल तर तो गेम नाही, तक्रार आहे.

बरं. शेवट घातला. लाळेरं देवळीत पोचलं की वरून कावळे येतात आणि राक्षसिणीला कचऱ्याच्या जाळीत गुंडाळून उचलून नेतात. मुलं टाळ्या वाजवणार. कुरिमोतोबाई मागे उभ्या असणार. त्यांच्या हातातला कप तोंडाशी न जाता खालीच राहणार.

हा भाग स्वतः पुन्हा पुन्हा बघितला. भात लागला.

२० जुलै
कुरिमोतोबाई दारात. लाळेऱ्याचा सासूबाईंचा कागदी नमुना मागायला. म्हणाल्या, मापात चूक नको व्हायला, जिझोसामाचं काम आहे. आवाज नेहमीसारखा नव्हता. चिमटाही आणला नव्हता.

मी म्हटलं शोधते. आत जाऊन नमुना काढला, नवीन कागदावर ठेवून चारी बाजूंनी चार-चार बोटं वाढवून कापला आणि तो दिला.

जिझोसामाशी माझं वैर नाही. त्याला कळेल. शिवाय हल्ली माझ्या डोळ्यांना दिसत नाही, असं सभेतच ठरलंय.

२९ जुलै
घोटाळा. डावी-उजवी बाण-बटणं चौकोनाला लावायची होती, ते ठोकळे राक्षसिणीवर टाकले गेले. उलट, चौकोन स्वतःच्या मनानं पडद्यावर सैरावैरा पळायला लागला. हे मला घरी कळलं नाही. फुनाकोशी डॉक्टर क्लासमध्ये खेळायला बसले तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी राक्षसिणीला चालवलं. खांदा खाली करून ती चालली. टक टक. हसली. पळत्या चौकोनाला स्टिकर लावला. डॉक्टर हसायला लागले ते थांबेनात, कवळी काढून रुमालात ठेवावी लागली. मग क्लासातले सगळे रांगेत उभे राहिले. जो तो स्टिकर लावतोय.

सर म्हणाले, इवामुरोबाई, हाच तुमचा गेम. हे तसंच ठेवा.

मी स्पष्ट सांगितलं: दुष्टाच्या हातात कळ द्यायची नसते. चूक दुरुस्त करणार. सर म्हणाले, खेळणाऱ्याला कुठं मजा येतेय ते बघा, तिथंच गेम असतो. मी म्हटलं, मजा हा माझा विषय नाही, पश्चात्ताप हा आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच फळ्यावर लिहिलंत.

५ ऑगस्ट
दुरुस्त झालं. दिवसभर लागलं, स्वयंपाक गार. ह्यांनी कालचा भात चहा ओतून खाल्ला. आता चौकोन बाणांनी चालतो, राक्षसीण आपोआप येते, कावळे वेळेवर येतात. चुकीची प्रत अजून आहे, बरोबरची वेगळी ठेवलीय.

१३ ऑगस्ट
पितर घरी यायचे दिवस. सासूबाई आल्या. काकडीला काड्यांचे पाय लावून त्यांच्यासाठी घोडा केला. काकडी कुरिमोतोबाईंनी या आठवड्यात पाठवलेल्या ताज्या काकड्यांतली, विकत कशाला आणायची.

त्यांना गेम दाखवला, तसबिरीपुढे टॅब्लेट उभा करून. नमुन्याचं बोलले नाही. अगरबत्ती मधेच विझली. वारा असावा. खिडक्या बंद होत्या, पण वारा येतो कुठून तरी.

१६ ऑगस्ट
सासूबाई परत गेल्या. डोंगरावरचे निरोपाचे जाळ गच्चीवरून बघितले. शेजारच्या गच्चीवर कुरिमोतोबाई एकट्या. त्यांचे यजमान गेल्याला बरीच वर्षं झाली. हात जोडून उभ्या होत्या, केस वाऱ्यानं सगळे एका बाजूला.

ते गेममध्ये घालता आलं असतं. आता उशीर झाला.

२० ऑगस्ट
टॅब्लेट म्हणतोय, जागा भरत आली. बघते तर एकाच गेमच्या दोन प्रती. घरात एक वस्तू पुरत असताना दोन ठेवणं मला जमतच नाही. एक पुसून टाकली. बरं वाटलं, कपाट आवरल्यासारखं.

२२ ऑगस्ट
उद्या उत्सव. लाल कंदील लागले, प्रत्येकावर एका मुलाचं नाव. केस धुतले. दोन अगरबत्त्या लावल्या, दोन्ही अख्ख्या.

उद्या लाळेरं गळ्यातून लोंबणार आणि गल्ली विचारणार, हे शिवलं कोणी? मग पडदा लागणार. मी काहीच बोलणार नाही. न्याय स्वतः बोलतो.

२३ ऑगस्ट, सकाळ
जिझोसामाला आंघोळ घातली. कुरिमोतोबाईंनी लाळेरं बांधलं. अपेक्षेप्रमाणे मोठं. पार पायांपर्यंत. मी मुद्दाम पुढे उभी होते.

भटजी मंत्र म्हणून झाल्यावर लाळेऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, आजवर आपण लाळ पुसायला फडकं बांधत होतो, यंदा कोणीतरी देवाला पांघरूण घातलंय, हिवाळ्यात थंडी वाजणार नाही. बायकांनी डोळे टिपले. कुरिमोतोबाईंनी वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, नमुना इवामुरोबाईंचा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही वाकावं लागलं.

शिवण मात्र बघितली. बारकाईनं. टाके सरळ होते. नेढं दिसत असणार बाईंना.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण नोंद ठेवायची असं मीच ठरवलंय.

मंडळाच्या खोलीत पडदा लावला. मुलांनी आधी मोठी जपमाळ गोल बसून फिरवली, मग सगळी पडद्यापुढे. एवढी मुलं गल्लीत आहेत हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या गल्लीतलीही आली होती. मोठी माणसं मागे. कुरिमोतोबाई भिंतीशी, हातात बार्लीचा चहा.

गेम सुरू केला. एका मुलीनं बाण दाबला. राक्षसीण चालली. खांदा खाली करून.

पुसायची ती राहिली, ठेवायची ती पुसली.

टक टक. सोनेरी हसू. चौकोनाला स्टिकर. खोलीत अशी आरोळी उठली की बाहेरचे कंदील हलले असतील. मग मुलं भांडायला लागली, आता मी काकू होणार, आता माझी पाळी. चौकोन बिचारा भिंतीला धडका देत पळतोय आणि पोरं त्याच्यावर पिवळे स्टिकर चिकटवतायत. कावळे आलेच नाहीत. ते बरोबरच्या प्रतीत होते.

मी बंद करायला उठले, तर ह्यांनी माझ्या बाहीचा काठ धरला. म्हणाले, बस, पोरं खेळतायत.

मोठी माणसं पडद्याकडे बघत होती आणि मग कुरिमोतोबाईंकडे. जांभळे केस इथेही, तिथेही.

बाई पुढे आल्या. पडद्याच्या अगदी जवळ. मला वाटलं, आता. उशिरा का होईना, आता.

म्हणाल्या, “ही मी आहे, नाही का?”

त्यांनी ॲप्रनवरच्या फुलांवर बोट ठेवलं. मग मोज्यांच्या किनारीवर. मुलीनं बाण दाबला, टक टक झालं, आणि त्या दचकल्या.

“माझा चिमटा,” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, साखर न घातलेल्या आवाजात: “इवामुरोबाई, माझ्याकडे एवढं निरखून आमच्या ह्यांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.”

मी म्हटलं, छे, त्यात काय.

दुसरं काय म्हणणार होते?

एका मुलानं विचारलं, तो पळतोय तो चौकोन कोण? मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुरिमोतोबाईंनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि समजावून सांगितलं, ती कचऱ्याची पिशवी, वर्गीकरण न केलेली. मुलांना एकदम पटलं. मग प्रत्येक स्टिकरबरोबर सगळी एका सुरात ओरडायला लागली, लेबल काढ, लेबल काढ.

हेही ओरडत होते.

२४ ऑगस्ट
आवराआवर आणि सभा. एवढी मुलं कधीच आली नव्हती म्हणून माझं नाव टाळ्या वाजवून घेतलं. ओगिनो सरांनी शुभेच्छांचं पत्र पाठवलं होतं, तेही वाचलं गेलं.

मी मनाशी ठरवलं होतं, आता लाळेरं परत मागायचं. नम्रपणे. मान नकोच असल्याचं सोंग न करता.

मी घसा साफ करायच्या आत कुरिमोतोबाई उठल्या. म्हणाल्या, लाळेरं काय, कोणीही शिवेल, नमुना आहेच, ते दर वर्षी मी बघते. पण गेम गल्लीत एकाच बाईला येतो. तो मान इथून पुढे कायम इवामुरोबाईंच्या घराकडे. सगळे हो म्हणाले. वहीत लिहिलं गेलं. कायम हा शब्दही.

त्यांनी चिमटा वाजवला नाही. मी नीट बघत होते. म्हणजे वार नव्हता. मनापासून म्हणाल्या. तेच वाईट.

२६ ऑगस्ट
बाटल्या-डब्यांचा दिवस. व्हिनेगरच्या बाटलीचं लेबल काढलं, नखानं गोंदही खरवडला. पिशवी ठेवायला गेले तर कोपऱ्यावर दोन मुलं, मला बघून हळूच टक टक करून पळाली.

जिझोसामा पांघरुणात छान दिसतो. त्याच्यापुढचं पाणी ताजं होतं. मी माझंही ठेवलं, शेजारी.

३१ ऑगस्ट
कुरिमोतोबाई दारात. पुढच्या वर्षीच्या सूचना घेऊन. केस आणखी गडद हवेत, हल्लीच्या रंगाचे. हसू चालेल. ॲप्रनची फुलं फार आवडली.

एक तक्रार मात्र आहे. लहान मुलांना पिशवी सापडत नाही, फार जोरात पळते. तिला जरा सावकाश पळवा, म्हणाल्या.

सोबत काकडीचं लोणचं.

दुपारी ठोकळे उघडून बसले. चौकोनाचा वेग कमी केला.